कॉलेजमध्ये सगळ्या मुलांकडून नावासकट नैराश्याचा फॉर्म भरून घेणार आहेत, मीटिंगमध्ये काय बोलू?

मंजिरी_स

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण मला खरंच सल्ला हवाय.

मी एका तालुक्याच्या गावात सीनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, यंदा विद्यार्थी कल्याण समितीत माझं नाव आहे. २०२५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील त्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. आमच्याकडे अजून कोणी नेमलेलं नाही, पण तोवर काहीतरी सुरू करू म्हणून फर्स्ट इयरच्या सगळ्या मुलांना गुगल फॉर्म पाठवायचं चाललंय. फॉर्म म्हणजे पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही का, उदास वाटलं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझारा, आणि नववा प्रश्न, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का. प्रत्येकाला ० ते ३, अजिबात नाही पासून जवळजवळ रोज पर्यंत. एकूण ० ते २७.

वर नाव, रोल नंबर आणि पालकांचा मोबाईल. शीट सगळ्या वर्गशिक्षकांना उघडता येणार. १० च्या वर स्कोअर आला तर पालकांना बोलावून घ्यायचं.

मला हे खटकतंय, पण मीटिंगमध्ये नेमकं काय मांडायचं ते सुचत नाहीये. लॅबमध्ये मी मुलांना सांगते की रीडिंग घेताना उपकरणाची चूक किती ते आधी बघा. इथे उपकरण म्हणजे ते मूल स्वतःच आहे, आणि रीडिंगही तेच देणार. मग हे तपासायचं कसं?

रानवारा

मॅडम, निदान विचारतायत तरी! आमच्या वेळी कोणी विचारलंच नाही. माझ्या धाकट्या भावाच्या कंपनीत असाच फॉर्म आला होता, निनावी होता, भरल्यावर त्याचा त्यालाच स्कोअर दिसला आणि खाली लिहिलेलं की डॉक्टरांना दाखवा. तो गेला. आम्हाला घरात कोणाला पत्ता नव्हता की तो रात्र रात्र जागा असतो, सगळ्यांना वाटायचं वर्क फ्रॉम होमचा थकवा आहे. आज गोळ्या चालू आहेत आणि बरा आहे. त्यामुळे फॉर्मला सरसकट नाही म्हणू नका एवढंच माझं म्हणणं.

अनघा_मानस

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करते. रानवारा, तुमच्या भावाचं वाचून बरं वाटलं. पण त्यातली एक गोष्ट सुटू देऊ नका, स्कोअर फक्त त्याला दिसला, आणि पुढे कुठे जायचं तेही त्याला तिथेच कळलं. मंजिरीताईंच्या कॉलेजात नेमकं याच्या उलट होणार आहे.

पीएचक्यू-९ वाईट साधन नाही. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स या तिघांनी २००१ मध्ये ते प्रसिद्ध केलं, वापरायला फुकट आहे, मराठीतही मिळतं. पण ते बनलं कुठे ते बघा. फॅमिली डॉक्टरकडे पेशंट पाठदुखी किंवा अशक्तपणा घेऊन येतो, डॉक्टरला वेळ कमी, म्हणून वेटिंगमध्ये बसल्या बसल्या कागद भरायचा आणि पाच मिनिटांनी तो कागद हातात घेऊन डॉक्टर समोर बसणार, विचारणार, की इथे तुम्ही झोपेला ३ लिहिलंय, काय होतंय सांगा. म्हणजे कागद आणि माणूस यांच्यात पाच मिनिटांचं अंतर. तुमच्याकडे ते अंतर किती आठवड्यांचं असणार आणि पलीकडे माणूस कोण असणार?

अजून एक विचारते, तुमच्या फॉर्ममध्ये नवव्या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न आहे का, की या त्रासामुळे काम करणं, घरचं बघणं, लोकांशी जुळवून घेणं किती अवघड गेलं? तो बेरजेत धरत नाहीत म्हणून खूप जण काढून टाकतात. खरं तर मी तोच आधी वाचते. १२ स्कोअर असून रोज कॉलेजला जाणारी, मैत्रिणींत असणारी मुलगी वेगळी, आणि ९ स्कोअर असून तीन आठवडे खोलीबाहेर न पडलेला मुलगा वेगळा.

मंजिरी_स

नाहीये तो प्रश्न. आत्ताच बघितलं. नऊच आहेत.

आकडेमोड

मी स्टॅटिस्टिक्सवाला, त्यामुळे माझा मुद्दा कोरडा वाटेल पण मीटिंगमध्ये हाच चालेल बघा.

या प्रश्नावलीवर जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक मोठं विश्लेषण आलं. १० किंवा त्याहून जास्त ही रेषा धरली तर नीट मुलाखत घेऊन ज्यांना नैराश्य आहे असं ठरलं त्यातले साधारण ८८ टक्के पकडले जातात, आणि ज्यांना नाही त्यातले ८५ टक्के बरोबर सोडले जातात. ऐकायला एकदम भारी वाटतं. आता कागदावर करू. समजा १००० मुलं आणि त्यातल्या १०० जणांना खरोखर नैराश्य आहे (हे मी नुसतं धरलंय, तुमच्या कॉलेजचा आकडा नाही). १०० पैकी ८८ सापडले, १२ निसटले. उरलेल्या ९०० पैकी १५ टक्के म्हणजे १३५ जणांना काही नसताना फॉर्म म्हणणार की आहे. म्हणजे यादीत २२३ नावं, त्यातली खरी ८८. निम्म्याहून जास्त पालक विनाकारण ऑफिसात येणार. आणि खरे आजारी १०० नसून ५० असतील तर अजून बिकट, साधारण १८६ नावांत खरी ४४.

यात साधन खराब आहे असं काही नाही. जिथे आजार कमी लोकांत असतो तिथे कुठलीही चाळणी लावली तरी हेच होतं. चाळणीनंतर प्रत्येकाशी नीट बोलणारं कोणी असेल तर १३५ जण अर्ध्या तासात सुटतात, काही बिघडत नाही. ते कोणी नसेल तर ती २२३ जणांची यादी म्हणजे नुसता शिक्का.

आणि हे सगळं मुलं खरं उत्तर देतायत असं धरून.

थर्डइयर_बॅकबेंचर

मी दुसऱ्या एका कॉलेजचा आहे, आमच्याकडे झालं होतं हे. फॉर्म आला त्याच दिवशी क्लासच्या ग्रुपवर मेसेज फिरला की सगळ्यांनी झिरो टाका नाहीतर घरी फोन जातो. सगळ्यांनी झिरो टाकले. मीही. ज्या मुलाला खरंच गरज होती त्यानेही झिरोच टाकले हे मला नंतर कळलं कारण तो माझा रूममेट. त्याला मी विचारलं का नाही सांगितलंस तर म्हणाला बाबांनी हॉस्टेल सोडून घरी ये म्हटलं असतं, आणि घरीच तर प्रॉब्लेम आहे.

तुम्ही पालकांचा नंबर मागताय ना मॅडम, तिथेच संपलं.

मंजिरी_स

हे वाचून थांबले जरा. तुझा रूममेट आता कसा आहे?

थर्डइयर_बॅकबेंचर

बरा आहे आता. एका सरांशी बोलला, फॉर्मबिर्म नाही, असंच टपरीवर. त्यांनी त्याला सरकारी दवाखान्यात मानसोपचारच्या ओपीडीला नेलं सोबत.

माणिक_आशा

मी आशा आहे, पुणे जिल्ह्यात. आम्हाला तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म भरावा लागतो, बीपी शुगर कॅन्सरचं विचारतात त्यात, आणि शेवटी दोन प्रश्न मनाचे पण आहेत, रस वाटत नाही का आणि उदास वाटतं का, दोन आठवड्यातलं. बेरीज ३ च्या वर गेली तर सीएचओ (उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी) नाहीतर डॉक्टरकडे पाठवायचं.

आता खरं सांगते, ओट्यावर बसून विचारलं आणि सासू शेजारी तांदूळ निवडत बसलेली असली तर सून कधीच हो म्हणणार नाही. काही नाही ताई मजेत आहे म्हणते. तीच बाई बाळाच्या लसीकरणाला आली की कोपऱ्यात ओढून सांगते की ताई झोपच लागत नाही, छातीत धडधडतं, जीव नकोसा झालाय. प्रश्न तोच, बाई तीच. म्हणून मी आता ते दोन प्रश्न शेवटी ठेवते आणि घरात कोणी असलं तर पाणी मागते, सासूबाई आत गेल्या की विचारते.

आणि फॉर्म म्हणजे आजार नाही हे आम्हाला टीबीमुळे चांगलं कळतं. दोन आठवड्यांवर खोकला असला की आम्ही थुंकी तपासायला पाठवतो, खोकला म्हणजे टीबी असं कोणाच्या दारावर लिहून येत नाही. तुमच्या कॉलेजवाल्यांना हे सांगा.

अनघा_मानस

माणिकताई, तुमचं हे पाणी मागणं मी आमच्या इंटर्न्सना शिकवणार आहे. यावर प्रबंध लिहिले जातात.

दत्ता_पाटील_७१

माझं वय झालंय, कदाचित पटणार नाही कोणाला. पण मन आकड्यात बसवायचा हा अट्टाहास कशाला? आमच्या आईला विचारलं असतं तू सुखी आहेस का तर ती म्हणाली असती पोरं सुखी आहेत ना झालं मग. तिला ० ते १० कुठला आकडा देणार? दरवर्षी पेपरात येतं आनंदी देशांत भारत १२६ वा, ११८ वा, फिनलंड पहिला. त्याने काय कळतं?

आकडेमोड

पाटीलकाका, तुमच्या प्रश्नाला मान देऊन उत्तर देतो कारण प्रश्न रास्त आहे. त्या यादीमागे नैराश्याची प्रश्नावली नसते. हॅडली कॅंट्रिल नावाच्या माणसाने १९६५ मध्ये मांडलेला एकच प्रश्न असतो. एक शिडी डोळ्यासमोर आणा, सगळ्यात वरची पायरी १० म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, तळाची ० म्हणजे सगळ्यात वाईट, आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात असं वाटतं? तुमच्या आईंनी सांगितलं असतं तेच त्यात मोजलं जातं, कारण चांगलं आयुष्य म्हणजे काय हे उत्तर देणाऱ्याने स्वतःच ठरवायचं असतं. पोरांचं सुख धरायचं असेल तर धरा.

पण त्यात आजचा मूड येत नाही, झोप येत नाही. एखादी बाई आयुष्याला ८ देईल आणि त्याच आठवड्यात रडतही असेल, यात विसंगती काहीच नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशादेशांची तुलना करताना अजून एक लफडं असतं, काही समाजांत लोक टोकाचे आकडे सहज देतात, काही ठिकाणी मधलेच देतात. म्हणून क्रमांकापेक्षा त्याच देशाचा आकडा वर्षानुवर्षं कुठे चाललाय हे बघणं मला जास्त उपयोगी वाटतं. अर्थात ही माझी पसंती, सगळे मानतील असं नाही.

दत्ता_पाटील_७१

हे कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

फोंडेकर

गोव्याचा अनुभव सांगतो, कारण आपल्याच शेजारी यावर मोठं काम झालंय आणि महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत आहे. इथे संगत नावाची संस्था आहे, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली. त्यांनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाच वेगवेगळ्या प्रश्नावल्या तिथल्याच पेशंटांवर ताडून बघितल्या, २००८ मध्ये ते छापून आलं. म्हणजे बाहेरची रेषा तशीच्या तशी उचलली नाही, इथल्या माणसांवर ती कुठे पडते ते आधी बघितलं. त्या पाचांत एक जागतिक आरोग्य संघटनेची एसआरक्यू-२० होती, वीस प्रश्न, नुसतं होय नाहीतर नाही. डोकं दुखतं का, पचन बिघडलंय का, हात थरथरतात का असे शरीराचेही प्रश्न त्यात आहेत. आमच्या बायका दवाखान्यात तेच सांगतात, उदास आहे असं सांगत कोणी येत नाही. शिवाय ज्यांना वाचता येत नाही त्यांना चार पर्यायांपेक्षा होय-नाही सोपं पडतं.

पुढे त्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली, तिचा निकाल २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पीएचक्यू-९ वर १४ च्या वर स्कोअर असलेले पेशंट घेतले. अर्ध्यांना नेहमीचे उपचार जरा सुधारून, आणि अर्ध्यांना त्याच्या जोडीला गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी. ज्या गोष्टी करायच्या सोडून दिल्यात त्या थोड्या थोड्या परत सुरू करायच्या, असं त्या भेटींचं सूत्र. तीन महिन्यांनी समुपदेशनवाल्यांपैकी ६४ टक्के लोक १० च्या खाली आले, दुसऱ्या गटात ३९ टक्के.

आता मंजिरीताई, हे बघा, त्याच पीएचक्यू-९ ने इतकं मोठं काम झालं. फरक एवढाच की आकडा लिहून झाला की दार ठोठावणारं माणूस तयार होतं.

आकडेमोड

फोंडेकर, त्या ३९ टक्क्यांवर सगळ्यांनी एक मिनिट थांबा, कारण कॉलेजं नेमकी इथे फसतात. समुपदेशनाच्या त्या भेटी न मिळालेल्या लोकांतलेही ३९ टक्के रेषेखाली आले. थोडं साध्या उपचारांनी, थोडं काळानेच, आणि थोडं निव्वळ गणिताने. माणूस निवडलाच जातो त्याच्या सगळ्यात वाईट पंधरवड्यात, पुढच्या वेळी मोजलं की आकडा खाली येणारच, तुम्ही काहीही केलं नाही तरी.

आता समजा कॉलेजने ऑगस्टमध्ये फॉर्म भरला, जास्त स्कोअरवाल्या मुलांना एका दिवसाचं योगशिबिर दिलं आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा फॉर्म भरला. स्कोअर उतरलेला दिसेल. अहवालात लिहिलं जाईल शिबिराचा फायदा झाला. तुलनेला दुसरा गट नसेल तर हे वाक्य लिहायचा अधिकार कोणालाच नाही.

मंजिरी_स

अहवालाचं तुम्ही ओळखलंत. आधी आणि नंतर अशा दोन तक्त्यांची जागा त्यात आधीच करून ठेवली आहे.

लीड्सवाली

मी यूकेत राहते. इकडे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, टॉकिंग थेरपीज (बोलण्यातून उपचार) आहेत, २००८ ला आयएपीटी नावाने सुरू झालं, त्यात दर सेशनला पीएचक्यू-९ आणि चिंतेची जीएडी-७ भरावी लागते. मी भरलीय, दोन वर्षांपूर्वी, आई गेल्यानंतर. पहिल्यांदा त्रास व्हायचा की मी काय चाललंय सांगायला आलेय आणि तुम्ही मला टिक करायला लावताय. नंतर लक्षात आलं की थेरपिस्ट बेरीज बघतच नव्हती फारशी, ती एकेक ओळ बघायची, या आठवड्यात झोप ३ वरून १ वर आली पण स्वतःला दोष देणं अजून ३ आहे, त्यावर बोलूया का. तो कागद तिने माझ्यासमोर ठेवलेला असायचा. मी तिला मराठी बाणा दाखवून सगळं ठीक आहे म्हणायचे आणि कागद वेगळंच सांगायचा, त्यामुळे मला लपता आलं नाही आणि आता वाटतं बरंच झालं.

पण इथेही आकड्याला टार्गेट लागलं की काय होतं ते बघण्यासारखं आहे. बरा झाला कोणाला म्हणायचं तर जो सुरुवातीला रेषेच्या वर होता आणि शेवटी पीएचक्यू-९ वर १० च्या खाली आणि जीएडी-७ वर ८ च्या खाली आला तो. निम्मे लोक असे बरे व्हावेत असं राष्ट्रीय उद्दिष्ट होतं. आता १० वरून ९ वर आलेला माणूस बरा, आणि २४ वरून १२ वर आलेला बरा नाही! त्या दुसऱ्याचं तर आयुष्य बदललेलं असतं. म्हणून ते ६ किंवा जास्त गुणांचा फरक पडला का हेही वेगळं मोजतात.

नवी_आई_नाशिक

थोडं विषयाला धरून थोडं सोडून. बाळ सहा आठवड्यांचं असताना माझ्याकडून ऑनलाइन कुठेतरी पीएचक्यू-९ भरला गेला आणि स्कोअर भरपूर आला. झोप नाही, थकवा आहे, भूक लागत नाही, लक्ष लागत नाही. अहो बाळ दर दोन तासांनी उठतंय, कोणाचा कमी येईल? घाबरून रडत बसले. मग डॉक्टरबाईंनी दुसरी प्रश्नावली दिली, एडिनबरा म्हणतात तिला, दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांचं विचारतात. त्यांनी सांगितलं की ही १९८७ मध्ये मुद्दाम बाळंतिणींसाठी केली आणि शरीराची लक्षणं वगळली, कारण बाळंतपणात ती सगळ्यांनाच असतात. त्यावर माझा स्कोअर बराच कमी आला, तरी त्यांनी घरी कोण मदतीला आहे वगैरे सगळं नीट विचारलं.

सांगायचं हे की मुलांची परीक्षा चालू असताना फॉर्म भरलात तर तेच होणार. झोप आणि भूक कोणाची ठीक असते तेव्हा.

अनघा_मानस

अगदी बरोबर. तसंच थायरॉईड, रक्त कमी असणं, टीबीची औषधं, यातही झोप-भूक-थकव्याचे गुण चढतात. म्हणून मी स्कोअर मोठा दिसला की तो कुठल्या प्रश्नांनी बनलाय ते बघते. तीन शरीराच्या प्रश्नांचे ९ आणि निराशेचे शून्य, हा पेशंट मी आधी फिजिशियनकडे पाठवते.

आता मंजिरीताई, तुमच्या मीटिंगचं बोलूया. मला वाटतं तुमच्या कॉलेजने दोन कामं एकात घातलीत. एक, आपल्याकडची मुलं एकंदर कशी आहेत हे कळणं. दोन, त्रासात असलेलं मूल शोधून त्याला मदत पोचवणं. पहिल्यासाठी नाव लागत नाही. दुसऱ्यासाठी फॉर्म पुरत नाही, माणूस लागतो.

पहिल्यासाठी पीएचक्यू-९ नकोच. डब्ल्यूएचओ-५ वापरा. पाच वाक्यं आहेत, सगळी चांगल्या बाजूची, मन प्रसन्न होतं, शांत निवांत वाटलं, अंगात उत्साह होता, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं, रोजचे दिवस आवडीच्या गोष्टींनी भरलेले होते. दोन आठवड्यांत किती वेळ असं वाटलं ते ० ते ५. बेरजेला चारने गुणलं की १०० पैकी आकडा. डेन्मार्कचे मानसोपचारतज्ज्ञ पेर बेख यांच्या कामातून १९९८ मध्ये ही आली. यात मरणाचा प्रश्न नाही, त्यामुळे निनावी भरून घेता येते. एखादा मुलगा निनावी फॉर्ममध्ये नवव्या प्रश्नाला ३ लिहितो आणि तुम्हाला तो कोण हे शोधता येत नाही, हा प्रसंग तुम्ही कोणावर आणू नका, मुलावरही आणि स्वतःवरही. नववा प्रश्न तिथेच विचारायचा जिथे विचारणाऱ्याला उत्तर ऐकून त्याच दिवशी काहीतरी करता येतं.

निनावी म्हणजे खरंच निनावी हं. ईमेल गोळा करायचं सेटिंग बंद करा. आणि वर्ग, लिंग, हॉस्टेल, गाव असं सगळं विचारलंत तर चार मुली असलेल्या वर्गात कोण कोण हे कोणीही ओळखेल.

रानवारा

पण मग त्रासातलं मूल सापडणार कसं? निनावी सरासरी ५५ आली, बरं, पुढे काय? माझा भाऊ सरासरीत सापडला नसता.

अनघा_मानस

तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि यावर जगात एकमत नाही. अमेरिकेची सरकारी तज्ज्ञ समिती म्हणते सगळ्या प्रौढांची तपासणी करा, पण २०१६ च्या त्यांच्या शिफारशीतच अट होती की नेमकं निदान, उपचार आणि पाठपुराव्याची सोय हवी. कॅनडाच्या समितीने २०१३ मध्ये सरसकट तपासणी करू नका असं सांगितलं, कारण त्याने लोकांचं भलं होतं याचा पुरेसा पुरावा त्यांना दिसला नाही. दोघांच्या समोर अभ्यास साधारण तेच होते. मला स्वतःला ती सोयीची अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. सोय असेल तिथे मी तपासणीच्या बाजूची आहे, नसेल तिथे ठाम विरोधात.

तुमचा भाऊ सापडला कारण स्कोअर त्याच्याच हातात पडला. कॉलेजलाही तसं करता येईल. ज्याला हवं त्याने स्वतः पीएचक्यू-९ भरावा, उत्तरं कुठेही साठवायची नाहीत, खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आणि समुपदेशकाची वेळ. त्या नंबरवर मराठीतही बोलता येतं, चोवीस तास चालू असतो, फुकट आहे. आणि ज्या शिक्षकांकडे मुलं टपरीवर बोलतात, ते कोण हे तुम्हाला कॉलेजात माहीत असतंच, त्यांना आधी नीट शिकवा काय बोलायचं आणि कुठे न्यायचं.

अजून एक, मीटिंगमध्ये कायद्याचं विचारलं तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. वर्गशिक्षकांना उघडी शीट हा त्या हक्काचा मान ठेवण्याचा प्रकार नाही हे कोणालाही कळेल.

मंजिरी_स

सगळ्यांचे मनापासून आभार. मीटिंग झाली. आकडेमोड यांचा २२३ आणि ८८ चा हिशोब मी फळ्यावर करून दाखवला, गणिताचे सर लगेच बाजूने आले. बॅकबेंचरचं नाव न घेता झिरोचा किस्सा सांगितला, तेव्हा प्राचार्य बराच वेळ गप्प होते.

ठरलं ते असं. नाव आणि पालकांचा नंबर गेला. निनावी डब्ल्यूएचओ-५, परीक्षेपासून लांबच्या आठवड्यात, वर्षातून दोनदा, कुठल्याही छोट्या गटाचा आकडा वेगळा काढायचा नाही. समुपदेशकाची जाहिरात आधी आणि पीएचक्यू-९ ती व्यक्ती रुजू झाल्यावर, तिच्याच खोलीत. आधी-नंतरचा तक्ता मात्र अहवालात राहिलाय, त्यावरून मी अजून भांडणार आहे.

आकडेमोड

तक्ता राहू दे, पण त्याखाली एक ओळ लिहून घ्या की तुलनेचा गट नसल्यामुळे हा बदल कशामुळे झाला ते यावरून सांगता येत नाही. एवढं छापलं तरी बास. आणि किती मुलांनी भरलाच नाही तो आकडाही छापा. ज्यांना सगळ्यात जास्त त्रास असतो ते बहुतेक वेळा फॉर्म उघडतही नाहीत.

माणिक_आशा

खूप छान केलंत ताई. तुमच्या गावच्या आशांनाही एकदा बोलवा कॉलेजात, हॉस्टेलच्या मुलींना आम्ही रक्त तपासायला भेटतोच, आमच्याशी बोलतात त्या.

थर्डइयर_बॅकबेंचर

मॅडम एक सांगू का, समुपदेशकांची खोली ऑफिसशेजारी नका देऊ. आमच्याकडे तशी आहे, बाहेर फी भरायची रांग असते आणि आत कोण गेलं ते सगळे बघतात. त्यामुळे कोणी जातच नाही.

मंजिरी_स

लायब्ररीच्या मागे एक जुनी स्टोअररूम आहे, तिला मागून वेगळं दार आहे. उद्या जाऊन बघते की साफ करून मिळते का. माणिकताई, तुम्ही म्हणताय तसं आमच्या पीएचसीत विचारते.